नवे वाद्य, जुने दुःख

बिदर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकास, ठाणाकुशनूर हे आमचे गाव आहे. येथील माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड वाचतो आणि बाजारात दखनीत भाव करतो. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, परंतु जिभेच्या सीमा काही कोणास आखता आल्या नाहीत. जमीन काळी, तूर, सोयाबीन, मूग, उडीद यांची. पाऊस रुसला की तरुण मंडळी हैदराबादची वाट धरतात व मागे म्हातारी माणसे तेवढी राहतात. या गावच्या व आसपासच्या वस्त्यांवरील थोड्या ख्रिस्ती कुटुंबांची सेवा आम्हांकडे आहे. आमचे ख्रिस्तमंदिर लहान, त्यावर पत्र्याचे छप्पर. पावसाच्या सरी कोसळू लागल्या म्हणजे आमचा उपदेश आम्हांसच ऐकू येत नाही. काही भाविक यालाही देवाची कृपाच मानत असावेत!

आज वाचकांस जी हकिगत सांगावयाची ती एका वाद्याची आहे. तीत आमची फारशी शोभा नाही. म्हणूनच ती सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गेल्या वर्षीच्या उपवासकाळातील एक शुक्रवार होता. क्रुसाची वाट आटोपून लोक घरोघर गेले होते. उदगीरच्या कॉलेजात शिकणारा आमचा एक तरुण मंदिराच्या पायरीशी घोटाळत होता. हातातील मोबाइल पुढे करून तो म्हणाला, “फादर, दोन मिनिटे बसा ना. एक ऐकवायचे आहे.”

आम्ही पायरीवर बसलो. प्रथम नुसतीच गुरगुर ऐकू आली. रानापलीकडे ढग गडगडावेत तशी. मग त्या गुरगुरीतून एक स्वर हळूहळू वर आला, ताणला गेला, आता तुटेल असे वाटेपर्यंत ताणला गेला, आणि मागे वळून स्वतःलाच उत्तर देऊ लागला. खोल विहिरीत वाकून कोणी आपल्या माणसाचे नाव घ्यावे आणि परत येणारी हाक मात्र दुसऱ्याच कोणाच्या गळ्यातून यावी, तसे काहीसे झाले. आमच्या अंगावर काटा आला, हे कबूल करावयास हरकत नाही. पण मनातील चलबिचल लपविण्यासाठी माणूस ज्ञानाचा आश्रय घेतो, त्याप्रमाणे आम्ही गंभीरपणे म्हणालो, “ही सारी विजेची करामत आहे, बाळ.”

तो हसला. “नाही फादर, ह्याला वायरच नाही. वीज लागतच नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. या वाद्यास ‘यायबहार’ म्हणतात. गोर्केम शेन नावाच्या तुर्कस्तानातील एका वादकाने ते निर्माण केले, आणि २०१४ च्या सुमारास त्याची चित्रफीत जगभर पसरली. रचना पाहावी तर अगदी साधी. एका उंच दांडीवर तारा ताणलेल्या. त्या तारांपासून दोन लांबच लांब स्प्रिंगा निघतात व दूर उभ्या केलेल्या दोन डफांच्या पडद्यांस जाऊन मिळतात. वादक तारांवर गज फिरवितो, किंवा स्प्रिंगेवर व पडद्यावर गुंडीच्या काठीने हळूच आघात करतो. तारेचे कंपन स्प्रिंगेतून डफापर्यंत जाते, तेथून परतते, पुन्हा जाते, आणि या येरझारांतच तो घुमारा जन्मास येतो. तुर्की भाषेत ‘याय’ म्हणजे धनुष्य, आणि स्प्रिंगही. ‘बहार’ म्हणजे वसंत. हा दुसरा शब्द आपल्यालाही परका नाही. मैफिलीत ‘बहार आली’ असे आपण म्हणतोच.

तार ही मोठी दुबळी वस्तू आहे. नुसती तार छेडली तर ती हवेला जेमतेम हलविते आणि तिचा आवाज हातभरावर विरून जातो. तिला एखादे पोकळ शरीर द्यावे लागते. तंबोऱ्याला भोपळा, व्हायोलिनला लाकडी पेटी, तशी यायबहारला डफाची कातडी. आणखी विशेष असा की, स्प्रिंगेच्या वेटोळ्यांतून कंपन सावकाश जाते व टोकाशी आपटून मागे येते. त्यामुळे एखाद्या उंच घुमटाच्या मंदिरात उमटावा तसा प्रतिध्वनी त्या वाद्याच्या पोटातच तयार होतो. जुन्या गोव्याच्या भव्य मंदिरांत ज्यांनी गायन ऐकले असेल, त्यांना हा घुमारा ठाऊक असेल. आमच्या पत्र्याच्या छपराखाली तो कोठून येणार? हे वाद्य मात्र आपला घुमट आपल्याबरोबरच वाहून नेते.

त्याच वेळी मागे काठी वाजली. आमच्याकडचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारी पोरे ‘आबा’ म्हणतात, ते अंधारात भिंतीशी टेकून ऐकत होते. त्यांची नजर अधू झाली आहे. त्यांनी ते चित्र पाहिले नव्हते. ते एवढेच म्हणाले, “ह्यात चामडं हाय, फादर. तुणतुण्याचं भावंडं हाय हे.” आणि निघून गेले.

आम्ही चकित झालो. गोंधळ्याचे तुणतुणे आपण सर्वांनी पाहिले आहे. लहानसे नळकांडे, तळाला कातडी मढविलेली, त्या कातडीच्या मध्यापासून निघालेली एकच तार वर काठीच्या खुंटीस बांधलेली. यल्लम्माच्या जोगतिणींचे चौंडके त्याच जातीचे. तारेचा शब्द चामड्याने मोठा करावयाचा, ही युक्ती आमच्या मुलुखात फार जुनी आहे. तुर्कस्तानच्या त्या कल्पक माणसाने तारेच्या व चामड्याच्या मध्ये स्प्रिंग घातली. आणि जे आम्ही चित्रात पाहूनही ओळखले नाही, ते आबांनी नुसत्या कानाने ओळखले.

तरुणांस एकदा एखाद्या गोष्टीचे वेड लागले म्हणजे ते थांबत नाहीत. दोन महिन्यांत त्या मुलाने व त्याच्या तीन मित्रांनी आपले वाद्य जुळविले. भंगारवाल्याकडून दोन स्प्रिंगा आणल्या. सुताराच्या हातापाया पडून बाभळीची दांडी तासून घेतली. तारा गिटारच्या, गजाला घोड्याच्या केसांऐवजी मासे धरण्याची नायलॉनची दोरी, तिला लावावयास किराणा दुकानातील राळ. आणि डफ कोठून आणणार? त्यांच्यापैकी एकाच्या घरी माळ्यावर आजोबांच्या वेळच्या दोन हलग्या पडून होत्या. त्याच त्यांनी खाली काढल्या, चुलीपुढे धरून शेकल्या आणि स्प्रिंगांस जोडल्या.

घोटाळा झाला तो येथेच.

मुलांची इच्छा होती की हे वाद्य मंदिरात वाजावे. आम्ही म्हणालो, नाही. आमची कारणे पुस्तकातील होती, आणि ती खोटी नव्हती. सेमिनरीत आम्ही धर्मसंगीताचे नियम घोकले आहेत. पोप दहावे पिऊस यांनी १९०३ साली पियानो, ढोल व गोंगाटाची वाद्ये मंदिराबाहेर ठेवावयास सांगितले होते. पुढे १९६३ साली व्हॅटिकन धर्मपरिषदेने ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्यास अनुरूप असतील अशा इतर वाद्यांसही अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले, आणि त्या त्या देशाच्या संगीतपरंपरेस योग्य स्थान द्यावे असे सांगितले. तथापि ‘अनुरूप’ म्हणजे काय, हे ठरवावयाचे कोणी? ते ओझे आम्हांस नको होते. “पाहू पुढे,” असे आम्ही म्हणालो. धर्मगुरू जेव्हा ‘पाहू पुढे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे आमच्या लोकांस पक्के माहीत आहे.

परंतु दुसरा विरोध आमच्या विरोधापेक्षा कितीतरी खोल होता. तो वडीलधाऱ्यांचा होता. गावात कोणाचे लग्न निघो, कोणाची वरात निघो, कोणाचे प्रेत उठो, हलगी घेऊन पुढे उभे राहणे हे आमच्या कित्येक कुटुंबांच्या वाडवडिलांवर लादलेले काम होते. बोलावणे आले की जावयाचे. ताप असो, घरी उपास असो, जावयाचे. मोबदला म्हणून मिळेल ते भाकरतुकडे दारातून दूर उभे राहून घ्यावयाचे. हलगीचा नाद ऐकून इतरांचे पाय थिरकत. या माणसांच्या मनात मात्र त्या नादाबरोबर ती हाक जागी होई. आबांनी सभेत उठून सांगितले, “फादर, हे चामडं उंबऱ्याभाईर ठिवून आमी आत आलो. आता तुमी पोरांच्या हातानं ते आत आणू नका.”

यावर आम्ही काय बोलणार? त्यांचा नकार आमच्या सोयीचाच होता, म्हणून आम्ही त्याला ताबडतोब मान दिला. वाद्य मुलांपैकी एकाच्या गोठ्यात जाऊन पडले. आमच्या मनाला समाधान वाटले की वाद मिटला.

वाचकहो, मध्यंतरी आम्ही या विषयावर थोडे वाचन केले, ते येथे सांगितल्याने हानी नाही. कोणतेही वाद्य एके काळी नवेच होते. पवित्र शास्त्राच्या पहिल्या ग्रंथात, चौथ्या अध्यायात, लामेखाच्या घराण्याची हकिगत आली आहे. त्याचा एक मुलगा युबाल, वीणा व बासरी वाजविणाऱ्यांचा मूळ पुरुष. आणि दुसरा तुबल-काइन, धातूची हत्यारे घडविणारा. एकाच बापाच्या घरी तार आणि तलवार! आपल्या मिरजेचा इतिहास याच्या अगदी जवळ जातो. तेथील शिकलगार घराणी शस्त्रांस धार लावीत. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजांचा जमाना ओसरला आणि त्या धंद्यास उतरती कळा लागली, तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने शतकाच्या मध्यास हत्यार बाजूला ठेवून तंबोरे व सतारी घडविण्यास हात घातला. पंढरपूरकडचे भोपळे, त्यावर लाकडाची बैठक, वर तारा. आणि त्यांच्या वंशजांच्या तंबोऱ्यांवर पुढे देशातील थोर गवई गायले. २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या बोटांना पात्याची धार कळत होती त्याच बोटांना तारेची जवारी कळली.

तसेच व्हायोलिनचे. ते पोर्तुगीजांच्या काळी मिशनऱ्यांबरोबर गोव्यात आले. तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून मुले स्वरलेखन व व्हायोलिन शिकली. त्याच मातीतून माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. आज आपल्या सणावारी व्हायोलिन वाजले तर कोणास ते परके वाटत नाही. आणि पोप बारावे पिऊस यांनी १९५५ च्या नाताळात धर्मसंगीतावर जे परिपत्रक काढले, त्यात गजाने वाजणाऱ्या वाद्यांस मुद्दाम गौरविले आहे. कारण आत्म्याचे हर्ष व शोक ती अवर्णनीय सामर्थ्याने प्रकट करतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. गोठ्यात पडलेल्या वाद्यालाही गज होता.

आता आबांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा हैदराबादेस इमारतींच्या कामावर होता. तीन वर्षांपूर्वी उंचावरून पडून तो गेला. प्रेत गाडीतून रात्री उशिरा गावी आले. उन्हाळ्याचे दिवस, सकाळी लवकर माती द्यावी लागली. आम्ही सारे विधी केले, एकही प्रार्थना गाळली नाही. परंतु घाईने केले, हे आमचे मन जाणते. आबा त्या दिवशी रडले नाहीत. पुढेही कोणी त्यांना रडताना पाहिले नाही. मिस्सेला येत, शेवटच्या बाकाच्याही मागे उभे राहत आणि आशीर्वादापूर्वीच काठी टेकीत निघून जात. मुलाच्या सामानाची पेटी हैदराबादेहून आली होती, तिला त्यांनी कोणास हात लावू दिला नाही. आम्ही कितीदा तरी त्यांच्या ओट्यावर बसलो, ईयोबाची गोष्ट सांगितली, पुनरुत्थानाची आशा सांगितली. ते ऐकून घेत आणि म्हणत, “बरं हाय, फादर.” त्या ‘बरं हाय’ च्या भिंतीपुढे आमची सारी विद्या थांबे.

ऑक्टोबरात सोयाबीनची रास झाली आणि मुलांनी गोठ्यात पुन्हा आपले वाद्य काढले. एका रात्री आम्ही एका आजाऱ्यास भेटून परत येत असता गोठ्यातून तो स्वर आला. आम्ही दाराशी थांबलो. क्षणभराने पाहतो तो आबा काठी टेकीत येत आहेत. आता कडाक्याचे भांडण होणार म्हणून आम्ही पुढे झालो. आबांनी दारातूनच विचारले, “काय वाजवूलालाव रे पोरंहो?” मुले भिऊन गप्प झाली. आबा आत आले, बैलाच्या दावणीवर बसले आणि म्हणाले, “थांबलाव का? वाजवा.”

त्या मुलाने पुन्हा गज लावला. किती वेळ गेला कोण जाणे. स्वर एकदा हंबरल्यासारखा येई, एकदा लेकरू झोपेत कण्हते तसा. वाजविणे थांबल्यावर आबा आमच्याकडे वळून म्हणाले,

“फादर, मिसरूड फुटायच्या आधीपासून मी दुसऱ्याच्या मयताला वाजवलो. थोरामोठ्यांच्या वाजवलो, पोरंसोरं गेली त्यांच्या वाजवलो. माझं पोरगं गेलं, तवा कुणी वाजवलं नाई.” मग थोडे थांबून, “वाजवणार तरी कोण? वाजवणारा मीच.”

वाचकहो, आमची सारी धर्मशास्त्राची विद्या एका बाजूस आणि हे वाक्य एका बाजूस. तीन वर्षे आम्ही या माणसास सांत्वन देऊ पाहत होतो, आणि त्यांचे नेमके काय राहून गेले आहे हे विचारावयाचे आम्हांस सुचले नव्हते. ज्या वाद्याने त्यांचा अपमान केला त्याच्याशी त्यांचे वैर होते, आणि त्याच वाद्याचा एक शब्द आपल्या मुलासाठी निघाला नाही याचे दुःखही होते. दोन्ही खरे होते. हलगी वाजवावी तर जुनी हाक जागी होते. न वाजवावी तर मुलगा मुकाट्याने मातीत जातो.

नव्या वाद्याने ही कोंडी फोडली. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्याच्या स्वरात चामडे आहे, परंतु त्या चामड्यास अद्याप कोणाचे बोलावणे ठाऊक नाही. हलगी ऐकताच कोणाचे पाय उचलावयाचे व कोणी दूर उभे राहावयाचे, हे सारे आधी ठरून गेलेले असते. सनई ऐकली की मांडव आठवतो. ऑर्गन ऐकला की आम्हांस सेमिनरी आठवते. नवे वाद्य ऐकताना कोणास काहीच आठवावयाचे शिकविलेले नसते. म्हणून प्रत्येकास स्वतःचे आठवते. आबांस मुलगा आठवला. त्या रात्री गोठ्याच्या दाराशी आम्हांस आमची आई आठवली. आम्ही दूरदेशी शिकत असताना ती गेली होती, हे वाचकांपैकी फार थोड्यांस माहीत असेल.

आमचे उत्तर मिळावयास आणखी दोन दिवस लागले, कारण लाज गिळावयास वेळ लागतो. आम्ही मुलांस बोलावून सांगितले की २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मिस्सा नेहमीप्रमाणे होईल. तीत वाद्य केवळ गायनाच्या आधारापुरतेच राहील. परंतु संध्याकाळी दफनभूमीत कबरींवर पवित्र जल शिंपडून शेवटची प्रार्थना झाली की त्यांनी तेथे वाजवावे. वडीलधाऱ्यांचे काय, असे कोणी विचारावयाच्या आधीच आबा म्हणाले, “त्येंला मी सांगतो.”

त्या दिवशी कबरींवर झेंडू वाहिले होते, मेणबत्त्या लागल्या होत्या. वारा असल्याने बाया पदराचा आडोसा धरून त्या पुन्हा पुन्हा लावीत होत्या. प्रार्थना संपली. चार मुलांनी ते लांबलचक वाद्य दोन कबरींच्या मधल्या वाटेवर उभे केले. आबांच्या मुलाच्या कबरीपाशी त्यांना खाट टाकून बसविले होते.

स्वर निघाला. उघड्यावर तो गोठ्यातल्याइतका घुमला नाही, पण दूरवर गेला. बांधावरून घरी निघालेली माणसे थांबून पाहू लागली. थोड्या वेळाने आबा उठले, चाचपडत एका हलगीपाशी गेले आणि त्यांनी आपला उजवा पंजा तिच्या कातडीवर ठेवला. हाताने त्या बाजूचा आवाज दबला. वाजविणाऱ्या मुलाने गज थांबविला नाही; दुसरी हलगी घुमत राहिली. ज्या हाताने जन्मभर कातडी बडविली, तो हात त्या दिवशी नुसता तिच्यावर टेकला होता, आणि खालून कातडीच त्याला थरथर देत होती. आबा तसेच उभे राहून रडले. मोठ्याने नव्हे. त्यांच्याबरोबर आणखी कितीतरी माणसे रडली; आम्ही पुस्तक उघडून त्यात पाहत होतो, परंतु अक्षर दिसत नव्हते.

येथे आमच्यातील पाद्री जागा होऊन आम्हांस टोचतो, आणि तो टोचतो ते बरोबरच आहे. अश्रू म्हणजे प्रार्थना नव्हे. संत आगस्तीनने ३८७ साली मिलानमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मंदिरातील गायनाने त्याचे डोळे वाहिले. पण पुढे त्यानेच आपल्या आत्मचरित्रात अशी भीती व्यक्त केली की गायिलेल्या सत्यापेक्षा गायनाच्या गोडीनेच आपण हलतो की काय. हा थोर पुरुष दोन्ही बाजूंस झुकतो, आणि अखेर गायन ठेवावे असेच म्हणतो. दावीद वीणा वाजवी तेव्हा शौल राजाचा जीव थंड होई, हे आपण मुलांस सांगतो. तोच शौल पुढे वीणा वाजत असतानाच दाविदावर भाला फेकतो, हे मात्र आपण सांगत नाही. संगीत मनाचे दार उघडते. आत कोण शिरावयाचे हे संगीत ठरवीत नाही. ते काम कृपेचे, आणि थोडेसे शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही.

म्हणून त्या संध्याकाळचे मोल आम्ही अश्रूंवरून करीत नाही. चार दिवसांनी आबांनी आम्हांस घरी बोलावले आणि मुलाची पेटी उघडली. आत दोन सदरे, एक जपमाळ, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कामाची ओळखपत्रे व हजेरीच्या चिठ्ठ्या होत्या. ज्या ठेकेदाराकडे तो कामाला होता त्याने भरपाईचा एक पैसा दिला नव्हता. आणि पेटी बंद असल्याने कोणास काही मागताही आले नव्हते. ते कागद घेऊन आम्ही व तो कॉलेजातला मुलगा हैदराबादेस जाऊन आलो. काम अद्याप पुरे झालेले नाही. परंतु अर्ज दाखल झाला आहे, आणि त्याखाली आबांचा अंगठा आहे.

आबा काही आनंदी झाले, असे आम्ही म्हणणार नाही. एकुलत्या एका मुलाचा बाप आनंदी होत नसतो. ते अजूनही शेवटच्या बाकामागेच उभे राहतात. मात्र आता आशीर्वाद घेऊन जातात.

आमच्या वाचकांस आमची विनंती एवढीच आहे. आपल्या धर्मग्रामात असा कोणी असेल, ज्याने सर्वांच्या दुःखात हात दिला आणि ज्याच्या दुःखात कोणाचा शब्द निघाला नाही. त्याला आपण ‘बरं हाय’ वर सोडून देऊ नये. त्याच्यासाठी तुर्कस्तानच्या वाद्याची गरज नाही. त्याच्यापाशी बसून, तुमचे काय राहिले, एवढे विचारले तरी पुष्कळ आहे. आम्हांस ते विचारावयास तीन वर्षे लागली, आणि शेवटी भंगारातल्या दोन स्प्रिंगांनी ते आमच्या आधी विचारले.

मुलांच्या वाद्यास अजून नाव नाही. गाव त्याला ‘स्प्रिंगेचं तुणतुणं’ म्हणते. महागुरुस्वामींच्या कानावर सारी हकिगत घालून, त्यांच्या संमतीने, सणाच्या दिवशी ते आता मंदिराच्या एका कोपऱ्यात उभे असते. यंदाच्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सेच्या शेवटी मुले वाजवीत असता अशी सर आली की पत्र्याखाली कोणास काही ऐकू येईना. मुले ओशाळून थांबणार, तोच आबा मागून चालत आले, त्यांनी हलगीवर पंजा ठेवला आणि आमच्याकडे मान वळवून ओरडून सांगितले, “वाजूलालंय, फादर!”

आम्ही उभेच राहिलो. मुले वाजवीत राहिली.